गोळ्यांची पेटी घरात आहे, पदवी पोस्टाने येईल का?

प्रश्न: मी मसूरची (ता. कराड). वय ३७. कराडला बी.एस्सी. केलं, प्राणिशास्त्र घेऊन, आणि निकाल लागला त्याच वर्षी लग्न झालं. मोठा मुलगा नववीत, मुलगी सहावीत. मिस्टर साखर कारखान्यात आहेत. सासरे प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याकडे होमिओपॅथीची लाकडी पेटी होती, गावातली माणसं गोळ्या न्यायला यायची, ते कुणाकडून एक पैसा घेत नसत. ते गेल्यावर माणसं माझ्याकडे येऊ लागली. त्यांची पुस्तकं वाचून मीही गोळ्या देते, गुण येतो असं लोक सांगतात. आता माझ्या चुलत दिरांनी एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं आहे. दोन वर्षांचा दूरस्थ कोर्स, पुस्तकं घरी येणार, परीक्षा घरूनच द्यायची आणि शेवटी 'डॉक्टर' म्हणून प्रॅक्टिस करता येते असं ते म्हणतात. फी ६५ हजार. नावनोंदणीचे ८ हजार मी माझ्या शिलाईच्या पैशांतून भरलेत, पुढचा हप्ता महिनाअखेर आहे. मिस्टर म्हणतात, तुझं तू बघ. दीर म्हणतात, घरचे म्हणून सवलत मिळवून दिली, आता माघार घेऊ नको. शेजारच्या काकूंचा महिन्याभराचा खोकला माझ्या गोळ्यांनी उतरत आला आहे, त्यांचा तर दवाखान्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास. कोर्स करू का? माहितीपत्रकाचे फोटो सोबत पाठवले आहेत.
— एक वाचक, मसूर

उत्तर: ताई, पुढचा हप्ता भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका, कारण महिनाअखेर जवळ आली आहे आणि तुमचे दीर काही फोन करायचे थांबणार नाहीत.

आता कारण. महाराष्ट्रात होमिओपॅथीची प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. आज नव्याने तिथे नाव लागायचं तर बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची पदवी लागते. आणि बी.एच.एम.एस. दूरस्थ पद्धतीने देशात कुठेच होत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात नाही, मुक्त विद्यापीठात नाही, दिल्लीतही नाही. साडेचार वर्षं कॉलेज आणि वर्षभर इंटर्नशिप, सगळं हजर राहून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरस्थ शिक्षणाच्या २०२० च्या नियमांत वैद्यकीय, दंत, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे अभ्यासक्रम दूरस्थ चालवायला सरळ मनाई आहे. उलट ही मनाई वाढतेच आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे आरोग्याशी संबंधित विषयही दूरस्थ शिकवायचे बंद करा, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं. तेव्हा 'लवकरच मान्यता मिळणार आहे' असं कुणी सांगितलं तर वारं कुठल्या दिशेला आहे ते लक्षात ठेवा.

नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या राज्याच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्यात तर सक्तमजुरी आहे. गावात कोण बघतंय, असं वाटेल. पण तालुक्याला बोगस डॉक्टर शोध समिती असते आणि तक्रार झाली की तालुका आरोग्य अधिकारी पोलिसांना घेऊन दारात येतात. त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यात नाव बोर्ड लावणाऱ्याचं छापून येतं. ज्या संस्थेने प्रमाणपत्र विकलं तिचा पत्ता कुणी विचारत नाही.

माहितीपत्रक पाठवलंत हे फार चांगलं केलंत. दोनदा वाचलं. लिहिणारा हुशार आहे, कारण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. पहिल्या पानावर वर 'भारत सरकारच्या कायद्यान्वये नोंदणीकृत'. तो कायदा कुठला, ते खाली बारीक टायपात आहे: सोसायटी नोंदणी अधिनियम १८६०. या कायद्याखाली आपल्याकडची मंडळं, वाचनालयं, महिला संस्था नोंदवल्या जातात. नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे, इतकंच. तिने दिलेल्या पदवीला मान्यता आहे असा त्याचा अर्थ होत नाही. रेशनकार्डावर नाव चढलं म्हणून कुणी तहसीलदार होत नाही. त्याखालचं आय.एस.ओ.चं चिन्हही तसंच. ते ऑफिसच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, फरसाणाच्या कारखान्यालाही मिळतं. 'उद्यम' नोंदणीचा नंबर दिलाय, तो तर कुठलाही धंदा घरबसल्या काढू शकतो.

दुसऱ्या पानावर राज्यघटना आहे. कलम १९ प्रमाणे प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क आहे, म्हणून आमचा विद्यार्थी निर्धास्त प्रॅक्टिस करू शकतो, असं ठळक अक्षरात. कलम आहे, हक्कही आहे. पण त्याच कलमाच्या सहाव्या उपकलमात लिहिलंय की एखाद्या व्यवसायासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता ठरवणारा कायदा सरकार करू शकतं. माहितीपत्रकाने पहिलं उपकलम छापलं आणि सहावं गाळलं.

पण मला खरी गंमत (गंमत तरी कशी म्हणायची) शेवटच्या पानावर सापडली. नमुना प्रमाणपत्राचा फोटो आहे ना, तो मोबाइलवर मोठा करून बघा. वर सोनेरी अक्षरात 'होमिओपॅथी' आहे, पण त्याच्या आधी, नक्षीत लपल्यासारखा, आणखी एक शब्द आहे: 'इलेक्ट्रो'. हे दोन वेगळे प्रकार आहेत, ताई. तुमच्या सासऱ्यांच्या पेटीतली होमिओपॅथी जर्मनीच्या सॅम्युएल हानेमानची, ज्याचा जन्मदिवस १० एप्रिलला होमिओपॅथी दिन म्हणून साजरा होतो. इलेक्ट्रो होमिओपॅथी एकोणिसाव्या शतकात इटलीच्या काउंट चेझारे मात्तेई याने काढली. तिची औषधं वेगळी, पुस्तकं वेगळी. केंद्र सरकारने तिला मान्यता दिलेली नाही. २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की मान्यता नसलेल्या उपचारपद्धतींच्या पदव्या-पदविका दिल्या जाऊ नयेत आणि 'डॉक्टर' हा शब्द मान्यताप्राप्त पद्धतीच्या व्यावसायिकांनीच वापरावा. म्हणजे ६५ हजार भरून तुम्हाला कायद्याने प्रॅक्टिस तर मिळणार नाहीच, सासऱ्यांची विद्याही मिळणार नाही. भलतीच मिळेल. तुमच्या दिरांनाही हे माहीत नसावं, असं मला वाटतं. अशा संस्था एजंटाला कमिशन देतात, माहिती देत नाहीत.

उद्या दुसरं कुणी तुम्हाला इंग्लंडच्या संस्थेचा कोर्स दाखवील, म्हणून तेही सांगून ठेवते. तिकडे होमिओपॅथ म्हणून काम करायला सरकारी नोंदणी लागत नाही. तिथल्या संस्था घरबसल्या कोर्स चालवतात आणि तो त्यांच्या कायद्यात बसतो. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून मसूरमध्ये गोळ्या दिल्या, की इथला कायदा लागू.

"पण पूर्वी तर असे डॉक्टर होते," हे तुमच्या मनात येणारच. होते. १९५९ च्या राज्य कायद्याने त्या वेळी वर्षानुवर्षं औषध देणाऱ्यांना अनुभवाच्या जोरावर यादीत येण्याची सोय दिली होती. पुढे एल.सी.ई.एच., डी.एच.एम.एस. अशा होमिओपॅथीच्या पदविका होत्या. नोकरी सांभाळून शिकलेले, संध्याकाळी दवाखाना चालवणारे मास्तर आणि पोस्टमास्तर सातारा-सांगलीत कितीतरी होऊन गेले. १९७३ मध्ये केंद्राचा कायदा झाला, १९८३ मध्ये बी.एच.एम.एस.चे देशभराचे नियम आले आणि हळूहळू ती दारं बंद झाली. तुमचे सासरे कुठल्या गटातले होते, यादीत होते की नुसतेच परोपकारी, हे पत्रावरून कळत नाही. काही असलं तरी ती नोंदणी त्यांच्याबरोबर संपली. पेटी वारसाहक्काने आली, परवाना येत नाही.

इथवर कायदा झाला. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ फीची नाही, शेजारच्या काकूंच्या खोकल्याची आहे.

महिनाभर खोकला. तुम्ही तो कोरडा की ओला, रात्री वाढतो की पहाटे, पाणी प्यायल्यावर कसा, हे विचारलं असेल, कारण मटेरिया मेडिकात, म्हणजे कुठल्या लक्षणाला कुठलं औषध हे सांगणाऱ्या पुस्तकात, तेच विचारायला शिकवलेलं असतं. त्यावरून बाटली निवडली असेल. आता तोच खोकला दवाखान्यात गेला तर काय होतं बघा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटल्यावर डॉक्टरांच्या डोक्यात पहिला येतो टीबी. संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, घरात कुणाला होता का, आणि थुंकीचा नमुना. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. मग ते विचारतात, बीपीची गोळी कुठली? कारण एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना चिवट कोरडा खोकला लागतो. गोळी बदलली की बहुतेकदा काही आठवड्यांत जातो, त्याला दुसरं औषधच लागत नाही. मग आडवं पडल्यावर दम लागतो का, उशी उंच घ्यावी लागते का, पायाला सूज आहे का, म्हणजे हृदयाची बाजू तपासायची. चुलीचा धूर, जळजळ, दमा, हे सगळं त्यानंतर. एकाच खोकल्याची अशी पाच-सहा घरं आणि त्यातली दोन जिवाशी खेळणारी.

काकूंना उतार पडला म्हणता, तर पडलाही असेल. सर्दीनंतरचा खोकला कित्येकदा तीन-चार आठवडे रेंगाळून आपला आपण जातो. पण टीबीचा खोकलाही मधेच कमी होतो आणि तोवर घरातल्या नातवंडांपर्यंत पोचलेला असतो. यातलं काकूंचं नक्की कुठलं, हे तुम्हाला सांगता येत नाही, आणि मलाही नाही. बी.एच.एम.एस.ला पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना विच्छेदनाच्या टेबलाशी उभं करतात, पुढे विकृतिशास्त्र, न्यायवैद्यक, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया हे विषय घेतात आणि शेवटचं वर्ष रुग्णालयात घालवायला लावतात, ते कशासाठी? गोळी कुठली द्यायची यापेक्षा, कुणाला गोळी न देता गाडीत घालून कराडला पाठवायचं, हे ओळखता यावं म्हणून. उजवीकडे खाली दुखणाऱ्या पोटाला हात लावून, दाबून, सोडून बघितल्याशिवाय अपेंडिक्स कळत नाही. ते पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं, पण बोटांना शिकवणारं कुणी शेजारी उभं लागतं. पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हे काही येत नाही.

आता थोडं कडू. होमिओपॅथीबद्दल माझं मत तुम्ही विचारलेलं नाही, पण ते लपवून सल्ला देणं बरं नव्हे. तुमच्या पेटीत 'थर्टी' लिहिलेल्या ज्या बाटल्या आहेत, त्यात मूळ औषधाचा एक भाग नव्याण्णव भाग द्रावणात मिसळून, झटके देऊन, त्यातला पुन्हा एक भाग पुढे, असं तीस वेळा केलेलं असतं. रसायनशास्त्र तुम्ही शिकलाय, अव्होगॅड्रोचा आकडा (पदार्थाच्या ठरावीक वजनात किती रेणू असतात तो) आठवत असेल. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यक संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याही आजारासाठी मिळत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये डॉक्टरांना ती लिहून देणं थांबवायला सांगितलं. आपल्याकडे सरकारमान्य पदवी आहे, कॉलेजं आहेत, लाखो लोकांचा विश्वास आहे, हेही तितकंच खरं. मला स्वतःला पुराव्याची बाजू पटते. असं लिहिलं की दर वेळी रागाची पत्रं येतात, या वेळीही येऊ देत. पण पुरावा पटो न पटो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही, कारण हा कोर्स होमिओपॅथीवर ज्यांचा पूर्ण विश्वास आहे त्यांच्याही कामाचा नाही. मिरजेतल्या एखाद्या नोंदणीकृत होमिओपॅथ डॉक्टरांना हे माहितीपत्रक दाखवा, माझ्याआधी तेच चिडतील.

तरीही हेच करायचं असेल, तर खरा रस्ता आहे आणि तो तुम्हाला पूर्ण बंद नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी होतं का? बी.एस्सी. प्राणिशास्त्र म्हणजे असणार. पहिल्या तिन्हींची सरासरी खुल्या गटात ५० टक्के, राखीव गटात ४० टक्के लागते. मग 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यायची. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, आणि पेपर मराठीतूनही मिळतो. ७२० गुण, १८० प्रश्न, तीन तास. होमिओपॅथीच्या प्रवेशासाठीही नीटमध्ये ठरलेल्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे ठरावीक टक्के परीक्षार्थींच्या पुढे) यावं लागतं, तुमच्या गटाला लागू असेल ते. त्यानंतर राज्याच्या सीईटी सेलकडून कॉलेज मिळतं. आपल्या भागात मिरजेला होमिओपॅथीचं कॉलेज आहे. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते, तेव्हा फीचा आकडा कुणा मध्यस्थाच्या तोंडून ऐकायची गरज नाही. कॉलेजला परवानगी आहे की नाही, हे राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाच्या आणि नाशिकच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर दिसतं. शेवटी नोंदणीआधी राष्ट्रीय एक्झिट परीक्षेचीही तरतूद नव्या कायद्यात आहे.

हिशेब मांडू या. नीटच्या तयारीला एक वर्ष धरलं, पुढे साडेपाच, म्हणजे इंटर्नशिप संपेल तेव्हा तुम्ही ४४ च्या आसपास. मसूरहून मिरजेला रेल्वे जाते, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली करत. पण रोज तिकडे जाऊन येऊन, घर सांभाळून, हजेरी पूर्ण करून अभ्यास करणं म्हणजे पहाटे बाहेर पडायचं आणि दिवेलागणीनंतर घरी यायचं. अधेमधे मोठ्याची दहावी आणि बारावी येते. ज्या घरात "तुझं तू बघ" असं म्हणतात, त्या घरात हे जमेल का, याचं उत्तर मिस्टरांना समोर बसवून घ्या. "तुझं तू बघ" हा होकार नसतो. नाही म्हणायचं नाही आणि जबाबदारीही घ्यायची नाही, असल्यावर माणसं तसं बोलतात. जमलं तर जरूर करा, ४४ व्या वर्षी दवाखाना काढला तरी पुढे वीस वर्षं हातात असतात. पण ते साडेपाच वर्षांचं काम आहे हे मान्य करून करा.

आणि डॉक्टर झाल्यावर काय, हेही आत्ताच कानावर असू द्या. गावात पुष्कळ होमिओपॅथ सलाइन लावताना, अँटिबायोटिक देताना दिसतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात, होमिओपॅथीची नोंदणी असताना ॲलोपॅथीची औषधं दिलेल्या डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं होतं. पुढे २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून, एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगीचा मार्ग काढला. त्यावरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा विरोध आहे, वाद कोर्टात गेलाय, २०२५ मध्ये संपही झाला. त्यात आत्ता शिरत नाही. आधी नीट द्यायची की नाही ते ठरवा.

हे सगळं नको असेल तर? तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. 'डॉक्टर' या पाटीचा सोस त्यात मला दिसला नाही. माणसं दारात येतात, त्यांचं ऐकून घ्यायला तुम्हाला आवडतं आणि त्याचं काहीतरी व्हावं असं वाटतं, ते दिसलं. त्यासाठी एक जागा आहे जी बी.एस्सी. झालेल्या बाईला कमीपणाची वाटते, म्हणून कुणी सुचवत नाही: 'आशा' स्वयंसेविका, म्हणजे गाव आणि सरकारी दवाखाना यांना जोडणारी बाई. गावातलीच विवाहित स्त्री, साधारण २५ ते ४५ वय, हजार लोकसंख्येमागे एक. तुमच्या वाडी-वस्तीची जागा रिकामी आहे का, एवढी चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. मानधन थोडं आहे आणि वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांचे मोर्चे निघतात, तेही डोळ्यांआड करू नका. पण आशाच्या पिशवीत जुलाबावरचं ओआरएस असतं, पॅरासिटामॉल असतं, आणि तिने पाठवलेला पेशंट दवाखान्यात आत घेतला जातो. खोकणाऱ्या काकूंना थुंकीच्या तपासणीला नेणं हे तर तिचं कामच आहे. ज्या बाईवर आधीपासून गावाचा विश्वास आहे, ती या कामात दहा जणींना भारी पडेल. जागा नसेल तर मिरज, कराड, साताऱ्याला डी.एम.एल.टी.सारखे लॅबचे कोर्स आहेत. तेही हजर राहूनच करायचे, आणि प्रवेशाआधी मान्यता तपासूनच. होमिओपॅथीच्या औषधांचं दुकान काढायचं मनात आलं तर त्यालाही अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि दुकानात जाणकार माणूस दाखवावा लागतो. नुसत्या पेटीवर ते भागत नाही.

पेटीचं काय करायचं? घरात स्वतःपुरतं काय घ्यायचं तो तुमचा प्रश्न. बाहेरच्यांना देणं मात्र थांबवा. फुकट देतो म्हणून चालतं, असं समजू नका. माणूस गोळी घेऊन गेला की तो दवाखान्यात जायचा थांबतो, खरी अडचण तिथे आहे. लोकांना तोंडावर नाही म्हणायला जड जाईल. "मामंजींचं ज्ञान माझ्याकडे नाही, आणि आता कायदा कडक झालाय," असं सांगा. गावात कायद्याचं कारण चालतं, त्याने कुणी दुखावत नाही. एखादी आली तर बसवा, चहा द्या, ऐकून घ्या, आणि तिला दवाखान्यात जायला सोबत लागत असेल तर जा. बीपीची, साखरेची चालू गोळी कुणीही तुमच्या सांगण्यावरून बंद केली असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जाऊन ती सुरू करायला सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. ही गोष्ट फीपेक्षा आधीची.

दिरांशी बोलताना वाद घालू नका. त्यांना बसवून प्रमाणपत्राचा फोटो मोठा करून 'इलेक्ट्रो' हा शब्द दाखवा आणि साधा प्रश्न विचारा: "भाऊजी, या कोर्सनंतर माझं नाव महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेत लागेल, असं संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून आणून द्याल का?" ते पत्र येणार नाही. मग नाराजी कुणाची आणि कुणावर, ते त्यांचं त्यांना कळेल. सवलत मिळवून दिली म्हणतात, तर परतावाही मिळवून द्या म्हणावं.

आठ हजारांचं असं करा. संस्थेला साध्या मराठीत पत्र लिहा: पदवीला मान्यता आहे अशी समजूत करून देऊन माझ्याकडून पैसे घेतले, पंधरा दिवसांत परत करा. ते स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पोचल्याचा पुरावा व झेरॉक्स जवळ ठेवा. दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, संस्थेचं ऑफिस परराज्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला आयोगाची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तोवर पैसे भरल्याची पावती, दिरांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि ते माहितीपत्रक यातलं काहीही फाडू किंवा पुसू नका. माहितीपत्रक तर खास जपा, कारण दुसऱ्यांदा छापताना अशी पानं बदलतात.

काकूंना मात्र उद्याच सकाळी थुंकीच्या तपासणीला घेऊन जा, आणि त्या बीपीची गोळी घेत असतील तर तिची पट्टी सोबत न्या.